पदीबाईने प्लग काढला

“माझं गाणं वाजतं, आये. मग गात का नाही कोणी?”

पदीबाईने मान वर केली नाही. उखळात हळकुंडं कुटत राहिली.

विचारणारा कोणी ऐरागैरा नव्हता. हरेश्वर मोकल. गाणी लिहायची, चाली लावायच्या, रेकॉर्डिंग करायचं, सगळं स्वतः. बॅन्जो पार्टीत कॅसिओ वाजवत होता, तिथून चाळीस कॅसेटी काढल्या. कॅसेटी गेल्या तर सीडी काढल्या. सीडी गेल्या तर मोबाइलवर आला. उरणला काचेच्या भिंतीचा स्टुडिओ, गळ्यात बोटभर जाडीची चेन.

आणि पदीबाई धवलारीण. आमच्याकडच्या लग्नांत भटाच्या आधी ही लागते. हिने धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. वय सत्तरच्या पुढे, दात चार, धाक अख्ख्या गावाला.

आदल्या दिवशी शेजारच्या आळीत हळद होती. हरेश्वरचं नवं गाणं मोठमोठ्या बॉक्सवर लागलं होतं, बायका नाचत होत्या. पदीबाईची धवल्यांची वेळ झाली. तिने दोनदा सांगितलं, बंद करा. कोणी ऐकेना. मग ती गेली आणि भिंतीतला प्लग उपसून काढला.

गाणं जागच्या जागी मेलं. एकीच्याही तोंडात पुढची ओळ आली नाही. शंभर बाया हात वर करून नुसत्या उभ्या. हरेश्वरने ते पाहिलं.

“चाळीस लाख लोकांनी ऐकलंय ते गाणं,” तो म्हणाला.

“एकाचं नाव सांग.”

हरेश्वर गळ्यातली चेन चाचपायला लागला.

“बरं. आता खरं काय ते बोल.”

हरेश्वर ओट्यावर बसला.

“रविवारी माझ्या हर्षालीची हळद. तिच्यासाठी गाणं केलंय. काल घरी गेलो तर पोरगी म्हणते, बाबा, माझ्या हळदीला तुमचं गाणं नको. दुसऱ्या कोणाचं पण लावा.”

त्याने बाहेर सांडलेलं हळकुंड उचलून उखळात टाकलं.

“तिच्या हळदीत माझं गाणं मेलं ना, आये, तर सोमवारी स्टुडिओला कुलूप.”

पदीबाईने मुसळ त्याच्या हातात दिलं.

“कूट. नि गा.”

“काय गाऊ?”

“तुझं. लेकीचं.”

चेन पाठीवर टाकून हरेश्वर कुटायला लागला. “पिवळी पिवळी पिवळी झाली झुलत झुलत नटून आली उंबऱ्यावरती...”

दुसऱ्या ओळीला धाप लागली. तिसरीला मुसळ उखळाच्या काठावर आपटलं.

“थांबलास का रं?”

“दम लागला.”

“मग घे की दम. गाण्यात कुठं घेतात तो?”

हरेश्वरने आठवून पाहिलं. ओठ हलवून सगळं गाणं मनात म्हटलं. मग ओशाळला.

“जागाच नाही.”

“तुझी गाणारीण काय मासळी हाय? पाण्यात गाते?”

“ती घेते श्वास. पण माइकमधे त्याचा आवाज येतो. खराब वाटतं. मग मी तो काढून टाकतो.”

“कुठं टाकतोस?”

“कुठं म्हणजे... कॉम्प्युटरवर कापतो. ओळीला ओळ चिकटवतो.”

पदीबाईने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

“तुझी पहिली कॅसेट कुठं झाली होती?”

“आमच्याच पडवीत. गाणारीला द्यायला पैसे नव्हते. आळीतल्या बायका बसवल्या. त्यात बांगड्या पण वाजल्यात.”

“ते गाणं मी काल कुटताना म्हणत होते,” ती म्हणाली. मुसळ परत घेतलं आणि कुटायला लागली.

हरेश्वर उठला. चपला घालून तडक स्टुडिओत गेला.

चार दिवसांत त्याने गाण्याची चरबी उतरवली. तीनदा पिवळी होती ती एकदाच ठेवली. झुलत झुलत गेलं, नटून गेलं. उरलं ते एवढंच:

*पिवळी झाली माझी बाय,*
*उंबऱ्यात अडतो पाय.*

गाणारी कुंदा. तिने अख्खं गाणं एका दमात... छे, एका दमात कसलं, चांगले पाच-पन्नास दम घेऊन, पण न थांबता गायलं. संपल्यावर म्हणाली, “दादा, श्वास आला मधे. परत घेऊ?”

“तोच घ्यायचा होता,” हरेश्वर म्हणाला.

रविवार उजाडला. भर दुपारची हळद. हर्षाली पाटावर बसलेली, तोंड फुगलेलं, कारण बापाने ऐकलं नव्हतं. गाणं लागलं. बायका नाचल्या. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा पदीबाई उठली.

हरेश्वरला कळलं ती कुठे निघालीय. तो पुढे झाला, पण मधे शंभर बाया.

“आये, आज नको! लेकीची हळद आहे!”

म्हातारीने प्लग उपसला.

बॉक्स मुके झाले...

*पिवळी झाली माझी बाय...*

उखळापाशी बसलेल्या बायका. त्यांच्या मुसळांचा ठेका. मग भाकऱ्या थापणाऱ्या. मग सगळ्याच. ‘बाय’ म्हणून झालं की शंभर बाया एकदम श्वास घेत होत्या, आणि तो श्वास बॉक्सपेक्षा मोठा ऐकू येत होता. कोणाची पट्टी वर, कोणाची खाली. कोणी ‘अडतो’ म्हणे, कोणी ‘अडला’. पण ओळ काही सुटत नव्हती.

हरेश्वर लेकीकडे वळला. हर्षालीच्या गालांवर हळद, डोळ्यांत पाणी, आणि ओठ हलत होते. बापाकडे बघत, मान डोलावत, सगळ्यांत मोठ्याने तीच गात होती.

एवढ्या वर्षांत इतक्या ट्रॉफ्या उचलल्या होत्या त्याने, पण असा ताठ उभा राहिलेला हरेश्वर गावाने त्याच दिवशी पाहिला. मग वायरीवरून ढांगा टाकत तो पदीबाईपाशी आला. डोळे पुसत, हसत.

“आये, लावू का प्लग परत?”

पदीबाईने हातातल्या प्लगकडे पाहिलं.

“कशाला? बंद कुठं झालंय?”