सटीचं भरीत

नदीकाठच्या एका गावात हिरामणआबा नावाचा एक मळेकरी राहायचा. वांगी पिकवावीत त्याने, आणि भाजावीत तीही त्यानेच! आषाढी एकादशी झाली की त्याच्या कुळात कुणी वांग्याला हात लावायचं नाही, ते थेट मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीपर्यंत. गावात तिला नुसतं 'सट' म्हणायचे. सटीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि मग सगळ्या भावकीने आबाच्या मळ्यात जेवायचं. इतके महिने वांग्याविना काढलेली माणसं ती! काय तुटून पडायची म्हणता!

चाळीस वर्षं हे जेवण आबाच घालत आला होता. बायको होती तोवर रोडगे तिचे, भरीत मात्र आबाचंच. पहिला घास पोटात गेला की पंगतीतून कुणीतरी ओरडायचं, "आबा, तुमच्या हाताला तोड नाही!" आबा आपला खाली मान घालून हसायचा. पण त्या एका वाक्यावर त्याचं पुढचं वर्ष मजेत जायचं.

यंदा मात्र गुडघ्यांनी दगा दिला. जाळापुढे उकिडवं बसता येईना. शेवटी त्याने थोरली लेक कौतिका आणि मुलगा झिपरू, दोघांना बोलावून घेतलं. दोघंही आता पोराबाळांची झाली होती.

"पोरांनो," आबा म्हणाला, "यंदापासून सटीचं जेवण तुमचं."

"आमचं?" कौतिका उडालीच. "खरंच, आबा? सगळं आम्ही करायचं?"

"ताई, मी आदल्या दिवशीच जाळाला काड्या आणून टाकतो," झिपरू म्हणाला. "आणि यंदा रोडगे मी थापणार. हसायचं नाही!"

"तू थापलेले रोडगे खंडोबाला तरी ओळखू येतील का?" कौतिकाने विचारलं, आणि तिघंही पोट धरून हसली.

आबाने त्यांना सगळं शिकवलं. वांगं दिसायला मोठं पण हाताला हलकं लागेल तेच घ्यायचं, म्हणजे बी कमी निघतं. जाळ कपाशीच्या वाळक्या काड्यांचा. मिरच्या किती, लसूण किती, कांद्याची पात केव्हा घालायची. एक गोष्ट तेवढी त्याने पोटात ठेवली. भाजलेली वांगी लगेच सोलायची नसतात. ती ओल्या गोणपाटाखाली घटकाभर दडपून ठेवायची, म्हणजे साल सरसर सुटते आणि धुराचा वास आत मुरतो. हे काम आबा नेहमी सगळ्यांना इकडेतिकडे पिटाळून एकट्याने करायचा. आताही सांगायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मनात आलं, सगळंच देऊन टाकलं तर उद्या मला कोण विचारणार? माणूस वाईट नव्हता हो. घाबरला होता बिचारा.

सट उजाडली आणि मळा नुसता गजबजून गेला. बैलगाड्या येताहेत, पोरं बांधावरून उड्या मारताहेत, बायका लसूण सोलता सोलता गप्पा झोडताहेत. झिपरूच्या मिशांना बाजरीचं पीठ लागलेलं. कौतिका जाळाभोवती नुसती भिरभिरत होती. आबाला विहिरीजवळ बाजेवर बसवलं होतं, पण त्याला कुठलं चैन पडतंय! दर क्षणाला मान उंच करून तो जाळाकडे बघायचा.

वांगी फटफट फुटायला लागली तशी कौतिका धावत आली. तोंड काळं झालेलं, डोळे नुसते चमकत होते.

"आबा, भाजून झाली! आता आणखी काही राहिलंय का?"

आबाने तिच्याकडे बघितलं, मग जाळाकडे बघितलं.

"काही नाही," तो म्हणाला. "सोला आता."

झालं! कढत वांगी सोलता सोलता दोघांची बोटं पोळली. साल काही सुटेना, काळे कपचे भरतात तसेच राहिले. नैवेद्य दाखवून पहिली पंगत बसली. लोकांनी घास घेतला आणि एकमेकांकडे बघितलं.

"बरं झालंय हो," एक काका म्हणाले. "पण आबांचा हात तो आबांचा हात!"

ज्या वाक्यासाठी सारं केलं ते वाक्य आलं. आबा खूश होणार, पण तेवढ्यात त्याला कौतिका दिसली. वाढायचं भांडं घेऊन ती तशीच उभी होती. बोटांवर फोड आले होते. ती हळूच झिपरूला म्हणाली, "आपल्याला नाही रे जमायचं. आबा आहेत तोवर होईल सट. मग बंदच."

मग बंदच! आबाने ते ऐकलं. चाळीस वर्षांची पंगत, आणि ती मोडणारा कोण, तर तो स्वतः!

गुडघे विसरून तो उभा राहिला. "थांबा रे सगळे! भरीत बिघडलं ते हिच्यामुळे नाही, माझ्यामुळे. मी एक गोष्ट चोरून ठेवली होती. झिपरू, ते गोणपाट भिजवून आण! कौतिके, दुसऱ्या पंगतीची वांगी अजून जाळात आहेत ना? काढ ती बाहेर!"

सगळ्या भावकीसमोर त्याने ओरडून ओरडून सारं सांगितलं, पण हात कशालाच लावला नाही. घटकाभराने कौतिकाने गोणपाट उचललं. आहाहा, काय वास सुटला! बोटाने नुसतं ओढलं आणि अख्खी साल हातात आली. "आबा, बघा! आबा, बघा ना!" ती लहान पोरीसारखी नाचायला लागली.

दुसरी पंगत बसली. पहिल्या पंगतीचे काकाही निर्लज्जपणे पुन्हा येऊन बसले. पहिल्याच घासाला ते ओरडले, "कौतिके, अगं काय केलंयस काय हे!" आबाचं नाव कुणी काढलंच नाही. आबा मात्र सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडत होता, "वाढ गं, आणखी वाढ!"

निघताना काकांनी सवयीने विचारलं, "आबा, पुढच्या सटीला यायचं ना?"

"मला काय विचारता?" आबा रोडग्याचा शेवटचा तुकडा तोंडात टाकत म्हणाला. "यजमानीण ती आहे. मलाही तीच बोलावणार आहे!"

तात्पर्य काय, तर मुलांच्या हाती कारभार सोपवायचा तर हातचं न राखता सोपवावा; राखून ठेवलेलं आपल्यामागे कुणाच्याच कामी येत नाही.