रथाचा कोरडा आस

"...पण बाबा, वळणावर कोणत्या चाकाला जोर द्यायचा, हे तुम्ही ठरवता कसं?"

उखर्डूबाबांनी डोळे उघडले नाहीत. रथघरात भर दुपार होती. पत्र्याच्या फटीतून ऊन खाली उतरत होतं आणि त्यात धूळ सावकाश तरंगत होती. रथाचे लाकडी घोडेसुद्धा पेंगल्यासारखे दिसत होते.

मी कोपऱ्यात दोर वळत बसलो होतो, म्हणून हे सगळं माझ्या कानांनी ऐकलं.

विचारणारा निनाद भंगाळे. मूळचा आमच्याच गावचा, आता पुण्याकडे विजेच्या मोटारी बनवणाऱ्या कंपनीत मोठा इंजिनिअर. पोरगा हुशार, यात वादच नाही. पण समोरच्याचं वाक्यही हाच पुरं करणार! मला तर दोनदा राग आला.

आणि उखर्डूबाबा म्हणजे आमच्या रथाचे मोगरीवाले. रथाला ना स्टिअरिंग, ना ब्रेक. मोगरी म्हणजे लांब दांड्याचा लाकडी ठोकळा. तो चाकाखाली सरकवायचा, तेवढ्यावर आमचा तीन मजली रथ वळतो आणि थांबतो. गावातली निम्मी माणसं बाबांना गुरू मानतात. त्यात मीही आलो.

"आतल्या चाकाला मोगरी," बाबा म्हणाले. "बाहेरच्या बाजूला दोर ओढायचा."

निनाद टाळी वाजवून हसला. "हेच! आमची गाडी अगदी हेच करते. चार चाकांना चार मोटरी. वळण आलं की कॉम्प्युटर बाहेरच्या चाकाचा जोर वाढवतो, आतल्याचा काढून घेतो. सेकंदाला हजार वेळा, बाबा! तुमचा रथ वर्षातून एकदा वळतो."

"बरं ना भो."

"लोण्यासारखी वळते."

"ओरडते?"

"कोण?"

"गाडी. वळताना."

"छे! हूं नाही की चूं नाही. तीच तर माझी करामत आहे."

...

"मग चालवणाऱ्याला कळतं कसं," बाबांनी विचारलं, "की आता बास?"



मग हळूहळू सगळं बाहेर आलं. हुसेन तडवी नावाचा ड्रायव्हर नव्या गाड्यांची चाचणी घ्यायचा. पंधरा दिवसांपूर्वी चाचणीच्या रस्त्यावर एका वळणाला त्याने वेग वाढवत नेला. गाडी वळत राहिली, मजेत वळत राहिली, आणि एकाएकी सुटली ती थेट कठड्यावर. हुसेनचा खुबा मोडला. दवाखान्यात तो एवढंच म्हणाला, "साहेब, गाडीने मला काही सांगितलंच नाही."

अहवाल निनादने लिहायचा होता. लिहून झालाही होता. वेग जास्त, चूक चालकाची. सोमवारी त्याखाली सही केली की हुसेनची नोकरी गेली.

"वेग जास्त होताच," निनाद म्हणाला. "आकडे आहेत माझ्याकडे. मी खोटं काहीही लिहिलेलं नाही."

"नाही ना? मग इथे कशाला आलास, पुणं सोडून?"



बाबा उठले. निनादचा हात धरून त्याला रथाच्या चाकापाशी घेऊन गेले.

"कान लाव."

निनादने चाकाला कान लावला. बाबांनी मोगरीचा दांडा चाकाखाली खुपसला आणि सगळा भार त्यावर टाकला. रथ अर्धा बोट हलला... आणि चाकांना जोडणारा आस कण्हला. खोल विहिरीतून कुणी हाक मारावी तसा तो आवाज लाकडालाकडातून वर चढत गेला. वरची कबुतरं फडफडून उडाली. जन्मभर ऐकतोय मी तो आवाज, तरी अंगावर काटा आला.

निनादचा कान चाकालाच होता. डोळे मिटलेले.

"किती बोलतो हो हा..." तो पुटपुटला.

मग त्याच्यातला इंजिनिअर जागा झालाच. "पण आस पार कोरडा पडलाय, बाबा. जरासं तेल घातलं तर..."

बाबांच्या हातातली मोगरी खाली पडली.

...

"घातलं होतं," बाबा म्हणाले. "एका वर्षी. रथ निघायच्या आदल्या दिवशी, एरंडेल. रथ असा निघाला, असा निघाला... लोक म्हणाले, वा! चौकातल्या वळणावर मोगरी सांडूच्या हातात होती. माझा जोडीदार. आस कधी ओरडतो, याची तो वाट बघत राहिला."

"आणि?"

"पाय गेला त्याचा."

हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. सांडूचं लक्ष नव्हतं, असंच गाव सांगतं. मीही माझ्या पोरांना तसंच सांगितलं. पंचांनी त्याच्याकडून मोगरी काढून घेतली. तो गाव सोडून गेला आणि परत आलाच नाही.

"पण मोगरी उशिरा लागली ना?" निनादने दबक्या आवाजात विचारलं.

"लागली. ते खरंच आहे."

"आणि तेल? तेल कोणी घातलं होतं?"

माझे हात दोरावर थांबले. अरे देवा, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

बाबांनी रथाकडे पाहिलं.

"मी."

ऊन सरकत सरकत भिंतीवर गेलं होतं. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि रडूही आलं.

निनाद बाबांकडे वळला. "बाबा... मग सांगितलं का नाही तुम्ही?"

बाबांनी मोगरी उचलली. धोतराच्या सोग्याने तिच्यावरची धूळ पुसली.

"सांगितलं की, आत्ताच. एकेचाळीस वर्षं लागली... तुझी सही कधी आहे म्हणालास?"