चंद्रीच्या पाठीवर

"मग चूक कुणाची, बाबा? घोडीची की माझी?"

दाऊदबाबा दर्ग्याच्या ओट्यावर बसून बोरं खात होते. त्यांनी एक बी थुंकली, पुढचं बोर उचललं आणि ते पिकलंय का हे बोटांनी दाबून पाहिलं. जणू प्रश्न दुसऱ्याच कुणाला विचारला होता.

यशोधन गिरासे लगाम धरून उभाच राहिला. त्याच्यामागे चंद्री, त्याची काळी मारवाडी घोडी, शेपटीनं माश्या वारत होती. तापीच्या काठी घोड्यांची यात्रा भरली होती आणि हा पठ्ठ्या यात्रेच्या मैदानातून इथवर रागारागानं पायी आला होता. घोडी सोबत असून पायी! यावरूनच काय ते समजा.

"बाबा, मी काहीतरी विचारलं."

"ऐकलं की. बहिरा नाही झालो अजून. झालं काय, ते तर सांग."

"पुन्हा चाल मोडली. अर्धं मैदान रेवाल चालली, देखणी चालली... आणि मग एकदम चौखूर उधळली."

रेवाल ही या घोड्यांची उपजत चाल. एका अंगाचे दोन्ही पाय पाठोपाठ पडत जातात, वेग चांगला दौडीचा असतो, पण पाठ जागची हलत नाही. बसणाऱ्याला वाटावं, आपण पाटावर बसलोय. उद्या सकाळी याच चालीची स्पर्धा होती, आणि तिचा नियम सोपा होता. मैदानाला फेरा घालायचा. घोडी मध्येच दौडायला लागली, की निशाण खाली आणि स्वार बाहेर.

"आणि हातात प्याला असला की?" बाबांनी विचारलं.

"प्याला असला की थेंब सांडत नाही! गावाला विचारा. तळहातावर काठोकाठ भरलेला प्याला घेऊन मी नदीपर्यंत गेलोय. हे असं कुणाला जमतं ते दाखवा मला."

फुशारकी होती, पण खोटी नव्हती. या भागात रेवाल दाखवायची जुनी रीतच ती. एका हातात लगाम, दुसऱ्या तळहातावर पाण्याचा प्याला. पण गेल्या यात्रेत एका महाभागानं पाण्यात साबुदाण्याची खळ घालून आणली. फेरा संपल्यावर प्याला उलटा झाला तरी पाणी खाली पडेना, तेव्हा कुठे पंचांना शंका आली! झालं. या वर्षी प्याले बंद. दोन्ही हातांत लगाम धरायचा, असा हुकूम निघाला.

आणि दोन्ही हातांत लगाम आला, की चंद्री चाल मोडायची.

"उद्या मोडली तर?" बाबा म्हणाले.

यशोधननं घोडीच्या मानेवर हात ठेवला. आता त्याच्या आवाजातला ताठा जरा उतरला.

"काकांनी शब्द दिलाय. त्या बँडवाल्याला. उद्या मोडली तर ती त्याची. वरातीत नाचवणार तिला... पायांत घुंगरू बांधून, बेंजोपुढे." त्यानं तिची आयाळ बोटांत धरली. "अण्णांच्या हातची शेवटची घोडी आहे ती, बाबा. जन्मली तेव्हा त्यांनी स्वतः पुसलं होतं तिला. आता तेही नाहीत. तीही गेली, तर आमच्या तबेल्यात फक्त खुंट्या राहतील."

बाबांनी बोरांचा द्रोण बाजूला ठेवला. यशोधनच्या वडिलांना, अण्णांना, घोड्यावर बसायला त्यांनीच शिकवलं होतं.

"या जातीची तुला माहिती आहे ना पुरती?"

"आहे म्हणजे?" पोरगं लगेच ताठ झालं. "कानांपासून सांगतो. कान आत वळलेले, टोकाला टोक भिडतं. दुसऱ्या कुठल्या घोड्याचे असे भिडत नाहीत, एक काठेवाडी सोडला तर. मान उंच, कातडी पातळ, वाळूत चालणारे खूर. गळ्याखाली देवमणीचा, केसांचा भोवरा... हा बघा. हा भोवरा असला की घोडी घरधन्याला शुभ. मारवाडातल्या रजपुतांनी ही जात राखली. लढाईत..."

"या सगळ्याची तिला कल्पना आहे का?"

"कुणाला?"

"घोडीला."

यशोधन गोरामोरा झाला. चंद्रीनं नेमकं तेव्हाच फुरफुरावं, हाही योगच.

"चालू दे, चालू दे," बाबा म्हणाले. "लढाईत काय?"

"लढाईत... स्वार जखमी झाला, तर ही घोडी त्याला धक्का न लावता घरी आणायची, असं सांगतात. रेवाल त्यासाठीच. शर्यतीचं खूळ मागाहून आलं."

"असं सांगतात?"

"जुने लोक सांगतात. अण्णाही सांगायचे."

बाबांनी काठी उचलली आणि ओट्याच्या कडेशी सरकले.

"मग मला घरी ने."

यशोधनला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. बाबांचं घर यात्रेच्या पार पलीकडच्या टोकाला. कधीकाळी एका बिथरलेल्या घोड्यावरून पडून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं आणि ते वाकडंच सांधलं होतं. तेव्हापासून ते घोड्यावर चढले नव्हते. रिक्षानं जायचे, तेही रिक्षावाल्याला सगळ्या रस्ताभर शिव्या घालत.

"बाबा, नको. खरंच नको. वाटेत मोडली तर? तुमचं हाड..."

"तर मोडेल. तू तर घोड्यांतला जाणकार ना? चल, घोडी ओट्याला लाव."

काय करणार? लावली त्यानं घोडी ओट्याला. तो पुढे बसला. बाबा हाय अल्ला, हाय अल्ला करत मागे सरकले आणि त्यांनी त्याच्या कमरेला मिठी घातली. किती हलके होते! चिमणीएवढं वजन.

"हळू हं," तो बोलला. पण कुणाला, हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

चंद्री निघाली.

आधी साधी चालली, मग तिनं आपणहून रेवाल धरली. वाटेत काय नव्हतं? पाळण्याचा भोंगा, जिलबीच्या कढया, पिपाण्या वाजवणारी पोरं, दोरी सुटलेला एक उंट. प्रत्येक ठिकाणी यशोधनला पाठीमागचं ते वाकडं हाड आठवायचं, मग तो खांदे सैल सोडायचा, मांड मऊ करायचा आणि घोडीला मनातल्या मनात म्हणायचा, बाई गं, एवढं सांभाळ.

थोड्या वेळानं त्याच्या पाठीला काहीतरी टेकलं. बाबांचं डोकं.

आणि मग... घोरणं ऐकू आलं.

म्हातारा झोपला होता! ज्यानं वर्षानुवर्षं घोड्याला पाय लावला नव्हता, तो भर यात्रेतून, चालत्या घोडीवर, पोराच्या पाठीवर डोकं ठेवून घोरत होता. यशोधनच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. का आलं, ते त्याला सांगता आलं नसतं.

घर आलं. घोडी थांबली तशी बाबांना जाग आली.

"पोचलो?"

"पोचलो... बाबा!" यशोधन ओरडलाच. "बाबा, माझ्या दोन्ही हातांत लगाम होता! प्याला नव्हता आणि तरी तिनं चाल मोडली नाही!"

"असेल. मी झोपलो होतो."

त्यांना खाली उतरवून घेताना त्यानं विचारलं, "पण हे झालं कसं?"

बाबांनी चंद्रीच्या नाकाडावरून हात फिरवला, काठी टेकत दार उघडलं आणि आत जाऊन कडी लावून घेतली.

आता याला काय म्हणावं!

सकाळी मैदानाच्या फाटकाशी रेटारेटी होती. भोंग्यावरून नावं पुकारली जात होती. दोरीपलीकडे काका उभे होते, आणि त्यांच्या शेजारी तो बँडवाला. त्यानं चक्क नवी घुंगरं आणली होती, पिशवीतून वाजत होती. माणसाला काही लाज?

दाऊदबाबा फाटकाच्या खांबाला टेकून उभे होते. यशोधननं चंद्री त्यांच्यापाशी नेली. आदल्या दिवशीचा ताठा आता कुठेच दिसत नव्हता.

"बाबा, रात्रभर विचार केला. काल मागे तुम्ही होतात. म्हणून मी जपून बसलो, म्हणून ती चालली. बरोबर ना?"

"हं."

"पण आज मागे कुणीच नाही."

"पुढे कोण आहे?"

"पुढे? पुढे... मी."

"मग त्याला पण घरी ने."

नाव पुकारलं गेलं. विचारायला वेळच उरला नाही.

चंद्री मैदानात उतरली. सुरुवात छान झाली. मान उंच, कान टोकाला भिडलेले, पायांचा ताल एकसारखा. दोरीपाशी उभ्या असलेल्या जाणत्यांनी माना डोलावल्या. पहिलं वळण गेलं. मग ते ठिकाण आलं, जिथे ती कायम चाल मोडायची. समोरच काका आणि तो बँडवाला. भोंगा खरखरला. यशोधनची बोटं लगामावर आवळली, गुडघे आवळले, दात आवळले. घोडीची मान वर गेली...

त्या घटकेला त्याला पाठीशी टेकलेलं ते डोकं आठवलं. आणि मग, कुणास ठाऊक कसं, स्वतःचंच अंग त्याला परक्या माणसाचं असल्यासारखं कळलं. खांदे दगडासारखे झाले होते, मानेत गाठ आली होती. अण्णा गेले त्या दिवसापासून हा माणूस धड झोपला नव्हता. सगळ्यांना दाखवून द्यायचं, दाखवून द्यायचं, असं करत यानं स्वतःला नुसतं हाकललं होतं. याचंही काहीतरी मोडलं होतं की! ते कुणी पाहिलं नव्हतं. यानंही नाही.

फार वाईट वाटलं त्याला त्या माणसाचं.

"चल रे," तो हळूच पुटपुटला. "घरी जाऊ."

बोटं सैल झाली. चंद्रीनं मान खाली घेतली, एक लांब श्वास सोडला आणि रेवाल चालतच ती त्या जागेवरून पुढे गेली. निशाण वरच राहिलं. दुसरं वळण, मग तिसरं. शेवटच्या सरळ पट्ट्यात तो उगाचच हसत होता, वेड्यासारखा.

पहिला नंबर शेजारच्या जिल्ह्यातल्या एका अबलख घोड्याला गेला. तो होताच तसा, त्याबद्दल वाद नाही. चंद्रीला पंचांनी झेंडूची एक माळ घातली. तिनं ती तिथेच खायला सुरुवात केली.

काकांनी बँडवाल्याकडे पाहिलं.

"राहू द्या, भाऊ," ते म्हणाले. "घरचं जनावर आहे." आणि खिशातून रुमाल काढून ते कितीतरी वेळ नाक शिंकरत राहिले.

पिशवीतली घुंगरं वाजत वाजत गर्दीत निघून गेली.

यशोधन उडी मारून उतरला आणि फाटकाकडे पळत सुटला. मागोमाग चंद्री, तोंडात अर्धी माळ. दाऊदबाबा तिथेच खांबाला टेकून बोरं खात होते.

"बाबा! पाहिलंत? अख्ख्या फेऱ्यात एकदाही चाल मोडली नाही!"

बाबांनी एक बी थुंकली. द्रोणातलं सगळ्यात पिकलेलं बोर शोधून त्याच्या हातावर ठेवलं.

"कुणाची?"