टिंगीचं पान

टिंगीला वाटलं होतं, घरी हिरवंगार पान असेल. हत्तीच्या कानाएवढं. खाली गार सावली असेल.

घरी आली, तर पान नव्हतं. वाळक्या काड्या होत्या.

टिंगी इवलीशी बेडकी. पोहणं शिकायला ती दूरच्या तळ्यावर गेली होती. तिचं घर हौदामागे, अळूखाली.

वर ऊन तापलं. टिंगीची पाठ वाळू लागली.

"अळूआई, अळूआई, एक पान दे."

"कुठून देऊ, बाळे? माझ्या कुशीत सात लेकरं दाटली. मुळात मूळ अडकलं. खणून त्यांना वेगळं लावा. मग पान."

टुप्प टुप्प, टिंगी कुदळीकडे गेली.

"कुदळताई, कुदळताई, अळू खण.
अळू पान देईना, माझी पाठ वाळते."

"माती झाली दगड. माझा दात मोडेल. पाण्याला सांग भिजवायला. मग खणीन."

टुप्प टुप्प, टिंगी हौदाकडे गेली. हौद उंच. उडी पोचेना. तिनं खालूनच हाक मारली.

"पाणीदादा, पाणीदादा, माती भिजव.
कुदळ खणेना, अळू पान देईना, माझी पाठ वाळते."

"येऊ कुठून? चर बुजला पाचोळ्यानं. कोंबडीला सांग उकरायला. मग वाहीन."

टुप्प टुप्प, टिंगी कोंबडीकडे गेली.

"कोंबडीबाई, कोंबडीबाई, चर उकर.
पाणी वाहेना, कुदळ खणेना, अळू पान देईना, माझी पाठ वाळते."

"आली मोठी तळ्यावरची शहाणी. मी उपाशी. तुलाच गिळू?"

टिंगी मागे सरली.

"नको ना? मग घरातल्या सगुणामावशीकडून कण्या आण. मग उकरीन."

टुप्प... टुप्प... टिंगी दमली. सगुणामावशी उंबऱ्यावर बसली होती. मांडीवर रिकामी टोपली.

"मावशी, मावशी, कण्या दे.
कोंबडी उकरेना, पाणी वाहेना, कुदळ खणेना, अळू पान देईना, माझी पाठ वाळते."

"कशाला देऊ? रोज पानं खुडायचे, रोज भाजी करायचे. आता अळू रुसलं माझ्यावर."

"रुसलं नाही, मावशी. गुदमरलं. तू खुडलंस रोज. खणलं कधीच नाहीस."

मावशीनं टोपली खाली ठेवली. मग उठली. तिनं मूठभर कण्या टाकल्या.

कोंबडीनं चर उकरला, खर्र खर्र.
पाणी वाहिलं, झुळझुळ झुळझुळ.
माती भिजली, पचपच पचपच.
कुदळीनं खणलं, खच्च.

गड्डा वर आला. अळूआई आतून पोकळ झाली होती. भोवती सात अळकुड्या, तिची लेकरं, घट्ट चिकटलेली.

मावशीनं एकेक सोडवली. हातभर अंतरावर सात खड्डे केले. कोंब वर, मुळं खाली.

"आणि तू गं, अळूआई?" टिंगीनं विचारलं.

"मला लावू नका, बाळे. खड्ड्यातच राहू दे. मी माती होईन. लेकरं जेवतील."

मावशीनं तिच्यावर माती लोटली.

टिंगी ओल्या चिखलात बसून राहिली. एक दिवस. दोन दिवस. खूप दिवस.

मग एक कोंब उलगडला. पान आलं. आधी नखाएवढं, मग टिंगीएवढं. टिंगी त्याच्याखाली निजली. गार गार.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिंगीनं ठरवलं. आता तळ्यावर जायचं नाही. इथेच राहायचं. लेकरं पुन्हा दाटू लागली, की मावशीला आधीच हाक मारायची.

टुप्प.