साहेबांच्या घरचं देवघर

निकुंभसाहेब ऑनलाइन विकत देवघरं, पण ऑफिसात लोक त्यांना यमाला घाबरावं तसे घाबरत. त्या सकाळी त्यांनी टेबलावर मूठ आपटली आणि कपातला चहा बशीत सांडला.

"गिऱ्हाईक देवघर निवडतं, पत्ता टाकतं आणि पैसे न भरता पळून जातं. का? सांगा! ज्याचं उत्तर चुकेल, त्याने आजच घरी जायचं."

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. पत्ता टाकला की खाली दिसायचं, 'पंधरा दिवसांत घरपोच'. पण हेच बोलून दाखवणाऱ्या मागच्या मॅनेजरला साहेबांनी उभ्या उभ्या काढलं होतं. साऱ्या माना खाली गेल्या. साहेबांचं बोट फिरत फिरत सुलक्षणा गायधनीवर थांबलं.

"साहेब," ती कशीबशी म्हणाली, "तुमच्या वास्तुशांतीला देवघर काय सुरेख होतं! आपल्याकडचंच ना?"

"छे! मुहूर्त तोंडावर आलेला. आपलं कुठलं वेळेत पोचतंय? मी सरळ दुसरीकडून..."

साहेबांचा आवाज तिथेच अडकला.

सुलक्षणा हात जोडून म्हणाली, "साहेब, उत्तर तुम्हीच दिलंत. आता हे चुकलं असेल तर घरी कोणी जायचं, तेवढं सांगा."