सुरंगीच्या होडीचे माच

एका राज्यात राजा होता, तसा तो सगळ्याच राज्यांत असतो. पण त्या राज्यात एक तळंही होतं, आणि गोष्ट त्या तळ्याची आहे. तळं एवढं रुंद, की पलीकडचा काठ फक्त निरभ्र सकाळी दिसे. मधोमध एक बेट होतं. बेटावर राजा कनकध्वजानं तीन हंडे नेऊन लपवले होते. एकात सोनं, दुसऱ्यात मोती आणि तिसऱ्यात त्या तळ्यातल्या माशांचं बीज. माशांचे खवले चमकतात, तेव्हा तेही धनच, असा राजाचा हिशेब. राजाला कोण समजावणार?

तळ्यातले मासे संपले. काठावर राहणारा जळजोगी मासे खाऊन जगत असे. तो उपाशी राहिला, आणि उपाशी मांत्रिक फार वेळ शांत राहत नाही. त्यानं पाण्यात तोंड घालून शाप दिला. माणसांना नुसते बुडबुडे ऐकू आले. शब्द ऐकले ते एका पाणकावळ्यानं.

पुढं राजाला हंडे परत आणावेसे वाटले. भिवा कोळी आपली सपाट तळाची होडी घेऊन गेला. आता कोळ्यांची रीत अशी, की पकडलेली मासळी उघडी ठेवायची नाही. वरून घारीची नजर लागते, काठावरून माणसाची. भिवानं सवयीनं हंड्यांवर ओलं गोणपाट टाकलं. त्याच क्षणी हंडे डोंगराएवढे जड झाले, होडी कलंडू लागली आणि हंडे उडून बेटावर परत गेले. भिवा कसाबसा घाटाला लागला. घाटावर त्यानं पाय टेकले, ते टेकलेच. गुडघ्यापर्यंत तो दगड झाला होता.

त्याची धाकटी बहीण सुरंगी धावत आली. ती जातीची भित्री. पान पडलं तरी दचकायची. समोर जळजोगी उभा राहिला.

"तुला तीन खेपा," जळजोगी म्हणाला. "हंडे काठावर आले तर भाऊ सुटेल. खेप हुकली की दगड वर चढेल."

एवढं बोलून तो पाण्यात शिरला. काय चुकलं, काय टाळायचं, ते त्यानं सांगितलं नाही. मांत्रिकांची ही खोड जुनीच आहे.

सुरंगी होडी लोटून निघाली. पाठीमागून भिवाचं चालूच होतं. वल्हं असं नको, तसं धर. वारा डावीकडून घे. पदर खोच. गुडघ्यापर्यंत दगड झालेला माणूस तोंडानं मात्र सबंध होता.

बेटावर तिनं हंडे उचलले. ते अगदी हलके होते, फुलांच्या परडीसारखे. तिनं ते होडीच्या तळाशी ठेवले. पण जुन्या सपाट होडीत चार बोटं पाणी नेहमीच खेळत असतं. एक लाट आली, तळातलं पाणी उसळून हंड्यांच्या तोंडात गेलं, आणि हंडे होते तिथून नाहीसे झाले.

"ओले झाले की परत जातात," वरून कोणीतरी म्हणालं.

सुरंगी एवढी दचकली, की वल्हं हातातून सुटलं. होडीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, पाणकावळा पंख वाळवत बसला होता.

"हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस का?"

घाटावर परतली तर भिवा कमरेपर्यंत दगड. तरी तो म्हणाला, की होडीला माच बांध, हे मी गेल्या वर्षीच म्हणत होतो. गेल्या वर्षी तो झोपण्याखेरीज काही करत नव्हता, हे सुरंगीला पक्कं आठवत होतं. पण कमरेपर्यंत दगड झालेल्या भावाशी भांडायचं तरी कसं? तिनं दात आवळले आणि फळ्या आणल्या.

दुसऱ्या खेपेसाठी तिनं माच बांधले. नाळेकडे एक, मागच्या टोकाला एक. आडव्या वाशांवर फळीला फळी अशी बसवली, की मधून मुंगी जाणार नाही. फटींत काथ्या ठोकला. माचाखाली कोरडी, बंद जागा झाली. राजाचा दूत रोज येऊन विचारी, झालं का. भिवा सांगे, खिळा तिरका गेला. पाणकावळा जवळच बसून सगळं पाहत असे आणि काही बोलत नसे. सुरंगीला तिघांनाही एकाच गोणपाटात घालून बांधावंसं वाटे.

बेटावरून तिनं हंडे माचाखाली सरकवले. आतून कोरडे, वरून झाकलेले. तिला वाटलं, जिंकले. होडी दोन हात पुढं गेली आणि नाळ पाण्यात घुसू लागली. हंडे जड झाले होते. होडीच्या काठावरून पाणी आत आलं, हंडे भिजले आणि गेले.

"झाकले की जड होतात," पाणकावळा म्हणाला. "तुझ्या भावानंही तेच केलं."

सुरंगीनं वल्हं उगारलं. पाणकावळा दोन पावलं मागं सरकला.

घाटावर भिवा गळ्यापर्यंत दगड झाला होता. आता त्याचं म्हणणं असं, की हंडे माचाखाली नको, माचावर ठेव. आणि माच उंच कर, म्हणजे लाट पोचायची नाही. सुरंगीनं उंच माच केला, वर रिकामे मातीचे घडे ठेवले आणि घाटाजवळच होडी हलवून पाहिली. होडी लगेच उलटली. गळ्यापर्यंत दगड झालेला भाऊ आणि गळ्यापर्यंत पाण्यात उभी बहीण, दोघं एकमेकांकडे पाहत राहिली.

"सपाट तळाची आहे," भिवा जरा नरमाईनं म्हणाला. "डोकं जड झालेलं तिला चालत नाही."

"हे आत्ता सांगतोस?"

"आत्ताच आठवलं."

सुरंगीनं सगळे खिळे उपटले. मग ती ओल्या कपड्यांनिशी बसली आणि विचार करू लागली. पाणी लागायला नको, तर हंडा तळापासून वर हवा. होडी उलटायला नको, तर तो फार वर नको. आणि झाकायला मुळीच नको. तिनं फळ्या चिरून पट्ट्या केल्या आणि तळापासून वीतभर उंचीवर त्या अंतरा-अंतरानं बसवल्या, वाळत घातलेल्या मासळीच्या मांडवासारख्या. खालचं पाणी खालीच राहील, वरचं खाली गळेल, आणि हंडा आभाळाला उघडा दिसेल. मधली जागा पाणी उपसायला मोकळी ठेवली. तिथं पायाशी तिसऱ्या हंड्यापुरत्या चार पट्ट्या.

मग ती पाणकावळ्याकडे वळली. "अजून काही विचारायचं राहिलंय का?"

पाणकावळ्यानं मान तिरकी केली. "हा प्रश्न मला पहिल्यांदाच कोणी विचारला. राहिलंय. पण ते काठावर आल्यावर विचार."

तिसरी खेप. सोनं नाळेकडे, मोती मागं, बीज पायाशी. वर घार घिरट्या घालू लागली आणि सुरंगीचा हात आपोआप गोणपाटाकडे गेला. आईनं, आजीनं, सगळ्या कोळीवाड्यानं शिकवलेला हात तो. सुरंगीनं गोणपाट ओढलं, खाली घातलं आणि त्यावर बसली. उठलीच नाही. वल्हवता वल्हवता करवंटीनं पाणी उपसत ती घाटाला लागली. हंडे कोरडे होते.

घाटावर राजा स्वतः आला होता. त्यानं सोन्याचा आणि मोत्यांचा हंडा उतरवून घेतला आणि खांद्यावरचा जरीचा शेला दोन्हींवर पसरला.

हंडे घाटाच्या दगडात रुतले. त्याच वेळी राजाची पावलं दगड झाली. भिवा तेव्हा सांगत होता, की मागचा माच जरा डावीकडे... आणि तो थांबला. दगड ओठांवर आला होता.

घाटावर एकदम शांत झालं. इतके दिवस सुरंगी याच शांततेसाठी तळमळत होती. आता ती राजाकडे धावली.

"महाराज, शेला काढा."

"राजधन उघड्यावर?" राजा म्हणाला. पावलं दगडाची झाली तरी त्याचा आवाज राजाचाच होता. "नजर लागेल. आणि तो तिसरा हंडाही इकडे दे."

सुरंगी पाणकावळ्याकडे वळली. "आता विचारते. हे बीज कुणाचं?"

"पाण्याचं," पाणकावळा म्हणाला.

तिनं हंडा उचलला. राजा म्हणाला, ओतलंस तर हात तोडीन. राजा रागावला की मोठमोठे सरदार थरथरत, ही तर भित्री सुरंगी. पण तिची नजर राजावर नव्हतीच. भिवाचे डोळे अजून उघडे होते आणि तिच्याकडे पाहत होते. तिनं हंडा काठावर टेकवला आणि उपडा केला.

पाणी आधी दुधासारखं झालं, मग चांदीसारखं, मग मासेच मासे. जळजोगी बाहेर आला, त्यानं एक मासा उचलला आणि शाप मागं घेतला. दगडाला तडे गेले. राजाची पावलं मोकळी झाली. शेला त्यानं स्वतःच्या हातानं काढला. शिक्षेचं त्यानं पुन्हा नाव काढलं नाही. तेव्हापासून त्या राज्यात राजाचा खजिना भर दरबारात उघडा असतो, आणि तळ्यावर राजाची नाही, पाण्याची सत्ता चालते.

भिवाच्या अंगावरून दगडाचे कपचे गळून पडले. त्यानं जबडा हलवून पाहिला. मग होडीत उतरला, पट्ट्या हातानं चाचपल्या आणि म्हणाला, "मागचा माच दोन बोटं डावीकडे हवा होता."

सुरंगीनं वल्हं उचललं. होडी घाटापासून सुटली. भिवा नाळेकडच्या माचाबद्दल बोलला, खिळ्यांबद्दल बोलला, वाऱ्याबद्दल बोलला. जाळं टाकायची जागा आली, गेली, तरी तो बोलत होता, आणि सुरंगीनं त्याला एकदाही गप्प बस म्हटलं नाही. निदान त्या दिवशी तरी नाही.

भिवाला वाचा मिळाली, तळ्याला मासे मिळाले. ऐकणाऱ्यांनाही ज्याचं त्याचं मिळो.