महाराणीचा उपास

फार वर्षांपूर्वी जनावरंही हौसेने नाटकं बसवत, तेव्हाची ही गोष्ट. एका नाटकात शेळी झाली होती रुसलेली महाराणी आणि गाढव झालं होतं महाराज. दिग्दर्शक बगळ्याने नेपथ्य म्हणून रंगमंचावर बाभळीच्या खऱ्याखुऱ्या फांद्या रोवून बाग उभी केली होती.

तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला. एकट्या उभ्या शेळीला पाल्याचा वास आला आणि तिने बागच खायला घेतली. तेवढ्यात गाढवाचा प्रवेश झाला. महाराणीचं तोंड पाल्याने भरलेलं पाहून ते थबकलं. ते आपलं वाक्य विसरलं असेल असं समजून विंगेतून संवाद सांगणारा पोपट कुजबुजला, "महाराणी, तीन दिवस तुम्ही अन्नाला शिवला नाहीत."

हे बोलावं तर फजिती, गप्प राहावं तर नाटक बंद. गाढवाने शेळीकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "महाराणी, उपास सुटला वाटतं?"

शेळीने घास गिळला. ती लाजून म्हणाली, "तुम्ही आलात ना, महाराज."

प्रेक्षक हसून हसून लोळू लागले. पोपट घाईघाईने संहिता चाळत होता. "अहो, हे यात कुठेच नाही."

"मग लिहून घे," बगळा म्हणाला.